रात्रभर पुरेल असा पिकअप: इलेक्ट्रिक गिटारसाठी बदली पिकअप कसा निवडावा

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकात गिटार वाजवायची म्हणजे एका रात्रीत सगळं वाजवावं लागतं. सुरुवातीला हलके कॉर्ड, मग द्वंद्वगीत, मध्येच लावणी, खलनायक आला की करकरीत डिस्टॉर्शन आणि पहाटे रडारडीच्या प्रसंगाला एकेक सुटा सूर. दुसरी गिटार सोबत न्यावी तर ऑर्गन आणि पडदे भरल्यावर गाडीत माणसंच कशीबशी मावतात. त्यामुळे पिकअप, म्हणजे तारांखालचा त्यांचा कंप पकडून अँपकडे पाठवणारा चुंबक-कॉइलचा भाग, बदलायचाच असेल, तर जास्तीत जास्त कामाला येणारा घ्यावा.

मी पहिल्यांदा नेमकं उलटं केलं. जो सगळ्यांत दणदणीत दिसला तो सिरॅमिक चुंबकाचा पिकअप मागवला. घरी खोलीत झकास वाजला. वडशाकडच्या एका मंडईत (जत्रेत) मात्र मध्यंतराला ऑक्टोपॅडवाला म्हणाला, "भाऊ, गाणं बदलून राहिलं, तुमची गिटार तं एकच वाजून राहिली." खरंच होतं ते. व्हॉल्यूम खाली केला की आवाज मऊ व्हायच्या ऐवजी घोंगडी पांघरल्यासारखा दबून जायचा.

तेव्हा खरेदीआधी पहिलं काम: दोष खरंच पिकअपमध्ये आहे का ते बघा. नव्या तारा लावा, पिकअपची उंची थोडी खालीवर करून ऐका. बऱ्याचदा एवढ्यावरच भागतं. घरघर येत असेल, तर गिटार गळ्यात ठेवून जागच्या जागी सावकाश फिरा. फिरताना घरघर कमीजास्त झाली तर पिकअप आजूबाजूचा ट्रान्सफॉर्मर किंवा लाइटचा डिमर पकडतोय. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी घरघर तशीच राहिली, तर केबल, अँप किंवा अर्थिंग तपासा. तिथे नवा पिकअप काही करणार नाही.

फिरल्यावर फरक पडला तर हंबकर घ्यावा. गिब्सनच्या सेथ लव्हरने 1955 मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. यात दोन कॉइल उलट जोडलेल्या असतात आणि त्यांचे चुंबकही उलट असतात. बाहेरून आलेली घरघर दोन्हींत मिळून कटते, तारेचा आवाज मात्र जमा होतो. आपल्याकडे जनरेटर आणि डिमर स्टेजच्या कुशीतच असतात, म्हणून निदान ब्रिजजवळचा (तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिथला) पिकअप तरी हंबकर असावा असं माझं मत आहे.

आता माप. तारा काढा, स्क्रू चहाच्या बशीत ठेवा, पिकगार्ड (पुढचं पातळ आवरण) उचला आणि आतल्या जोडण्यांचा मोबाइलवर फोटो काढून घ्या. सिंगल कॉइलच्या (एकाच कॉइलच्या पिकअपच्या) खाली लाकडात मोठी खाच कोरलेली असेल तर पूर्ण हंबकर बसेल, फक्त पिकगार्ड बदलावा किंवा कापावा लागेल. खाच लहान असेल तर लाकूड कोरत बसू नका. सिंगल कॉइलच्याच मापात दोन पात्यांचे हंबकर मिळतात. मग ब्रिज पिकअपच्या जागी पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. साधारण 50 मिमी आणि साधारण 53 मिमी अशी दोन मापं चालतात. चुकीचं घेतलं तर कडेच्या तारा पिकअपमधल्या आपापल्या खिळ्यांवरून सरकलेल्या दिसतात.

आता मुख्य गोष्ट. पिकअपच्या माहितीत किलोओहमचा, म्हणजे कॉइलच्या रोधाचा, आकडा असतो आणि आम्ही सगळे त्यालाच भुलतो. सेमूर डंकनचा 'फिफ्टी नाइन' ब्रिजला सुमारे 8 किलोओहम आहे, त्यांचाच 'जेबी' सुमारे 16. म्हणून जेबी दुप्पट जोरात वाजेल असं नाही. कॉइलला गुंडाळलेली तार बारीक असली तरी रोध वाढतो, त्यामुळे हा आकडा एकाच जाडीच्या तारेच्या पिकअपांमध्येच ताडून बघावा. बहुगुणी पिकअपसाठी माझी निवड: ब्रिजला 8 ते 10 किलोओहमच्या आसपासचा, अल्निको 5 चुंबकाचा हंबकर. अल्निको 2 जरा मवाळ वाजतो. सिरॅमिक टणक आणि जोरकस. डिस्टॉर्शन पेडलमधून हवं तेवढं वाढवता येतं, पण जास्तीचे वेढे मारलेल्या पिकअपमधला गेलेला खुलेपणा कुठलंच पेडल पुरता परत आणत नाही.

पिकअपला चार तारा आणि एक जाळीची तार असलेलीच वायर हवी. मग ओढायच्या पॉटवर (ओढलं की स्विचचं काम करणाऱ्या व्हॉल्यूम-टोनच्या बटणावर) दोन कॉइल समांतर जोडता येतात. आवाज थोडा कमी होतो, पण लावणीला लागतो तसा चमकदार आणि स्वच्छ मिळतो, शिवाय घरघर कटलेलीच राहते. बहुतेक जण एक कॉइल बंद करायची जोडणी करतात. त्यात घरघर परत येते, म्हणून मी समांतर जोडणीच करतो. हंबकरला 500 किलोओहमचा पॉट लावा. सिंगल कॉइलचा 250 चा पॉट तसाच ठेवला तर वरचे सूर बोथट होतात.

पिकअप मेणात बुडवून घट्ट केलेला आहे ना, हेही विचारून घ्या. मोठ्या स्पीकरसमोर मेण नसलेला पिकअप शिट्टी मारू शकतो. बॅटरीवरचे अॅक्टिव्ह पिकअप शांत असतात, पण रात्री दोनला 9 व्होल्टची बॅटरी संपली तर ती कुठल्या पानठेल्यावर शोधणार?

जोडणीला गावातला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा माणूस चालतो. त्याला रंगांचा कागद मात्र सोबत द्या. सेमूर डंकनमध्ये काळी तार सिग्नलची, हिरवी अर्थची, लाल-पांढरी एकमेकींना. डिमार्झिओमध्ये लाल सिग्नलची, हिरवी अर्थची, काळी-पांढरी एकमेकींना. दोन्हींत जाळीची तार अर्थला. समांतर जोडणीत या एकमेकींना जोडायच्या दोन तारा ओढायच्या पॉटच्या स्विचकडे जातात, तेवढं त्याला आधी सांगा. पॉटच्या पाठीवर डाख देताना ती जागा नीट तापू द्या, नाहीतर डाख वरवर चिकटतो आणि महिनाभरात सुटतो.

तारा चढवायच्या आधी केबल लावून पिकअपवर स्क्रूड्रायव्हर टिचकवा, स्पीकरमध्ये टकटक आली पाहिजे. नंतर नवा आणि जुना पिकअप एकत्र वाजवा. आवाज पत्र्याच्या डब्यासारखा पोकळ आला तर दोघांचा फेज उलटा आहे, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याचा कापतोय. नव्याच्या सिग्नल आणि अर्थच्या तारा अदलाबदल करा, जाळीची मात्र अर्थलाच राहू द्या.

शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअपमध्ये 2 ते 3 मिमी अंतर ठेवा, मानेकडच्या पिकअपला जरा जास्त. स्क्रूड्रायव्हर बॅगेतच असू द्या. घरी जुळवलेली उंची मंडपात पुन्हा पाव फेरा फिरवावीच लागते.