स्टेशनवरचं फुकट वाय-फाय आणि तुमच्या फोनचा माग

स्टेशनवर गाडी लेट झाली की रेलवायर, म्हणजे स्टेशनवरचं फुकट वाय-फाय, जोडणारे पैशाला पासरी. वापरा की, नको कोण म्हणतंय, फक्त आधी सेटिंग बघून घ्या.

फोनच्या वाय-फायला एक मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे त्याचा ओळख नंबर असतो, 12 आकडे-अक्षरांचा, त्यातल्या पहिल्या सहावरून बनवणारी कंपनी कळते. वाय-फाय नुसतं ऑन असलं तरी फोन आजूबाजूला कोणतं नेटवर्क आहे का म्हणून हाका मारत राहतो, आणि जुन्या फोनमध्ये त्या हाकेत हा खरा नंबरच जातो. 2013 मध्ये लंडनच्या रस्त्यावरच्या काही कचराकुंड्यांमध्ये असं यंत्र बसवून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फोन टिपत होते, बोंबाबोंब झाल्यावर बंद केलं. लोकांनी काही जोडलं नव्हतं हां, नुसते बाजूने चालत गेले होते!

अँड्रॉइड 10 पासून नेटवर्क जोडताना खोटा नंबर देणं बहुतेक फोनमध्ये आपोआप होतं, तरी खात्री करा. वाय-फायमध्ये त्या नेटवर्कसमोरचं गिअर, मग प्रायव्हसी, तिथे रँडमाइज्ड मॅक, म्हणजे हाच खोटा नंबर, हवं. आयफोनला नेटवर्कसमोरची i ची खूण दाबा, प्रायव्हेट वाय-फाय अ‍ॅड्रेस दिसेल. आयओएस 18 पासून तिथे फिक्स्ड (तोच राहणारा) आणि रोटेटिंग (बदलत राहणारा) असे पर्याय आहेत, बाहेर रोटेटिंग ठेवा, घरी फिक्स्ड चालतं. खरा की खोटा ओळखायची सोपी खूण म्हणजे त्याच पानावरच्या अ‍ॅड्रेसचं दुसरं अक्षर बघा, 2, 6, ए किंवा ई असेल तर तो फोनने बनवलेला आहे.

मेख अशी की अँड्रॉइड सहसा एका नेटवर्कला दरवेळी तोच खोटा नंबर देतो, म्हणजे रोज त्याच वाय-फायवर आलात तर ओळखू येताच. आणि लॉगिनला मोबाइल नंबर टाकून ओटीपी दिलात की रँडम मॅकचं काय घेऊन बसलात, नावगाव आपणच सांगितलं ना! तिथे व्हीपीएनने, म्हणजे तुमचं नेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून झाकून नेणाऱ्या अ‍ॅपने, एवढंच होतं की कोणत्या साइटवर गेलात ते वाय-फायवाल्याला दिसत नाही, पण मग ते व्हीपीएनवाल्याला दिसतं, त्यामुळे फुकटातलं कुठलंतरी टाकू नका. दोन मेसेज बघायचे असतील तर सरळ मोबाइल डेटा वापरावा असं माझं मत.

काम झालं की नेटवर्क फर्गेट करा, नाहीतर पुढच्या वेळी न विचारता जोडतं. अँड्रॉइडमध्ये लोकेशनच्या सेटिंगमधलं वाय-फाय स्कॅनिंगपण बंद करा, वाय-फाय ऑफ असतानाही ते शोधत बसतं. आयफोनवाल्यांनो, कंट्रोल सेंटरमधून बंद केलेलं वाय-फाय खरं बंद होत नाही, फक्त नेटवर्क सुटतं आणि पहाटे 5 ला आपणहून परत जोडू लागतं, सेटिंग्जमध्ये जाऊनच बंद करा.