मॅनिफोल्डमध्ये ऑइल दिसलं? इंजिन खोलण्याआधी या चुका टाळा

एअर फिल्टरपासून मॅनिफोल्डकडे (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या भागाकडे) जाणारा पाइप काढून आत बोट फिरवलं आणि बोटाला ऑइल लागलं, की बहुतेक गाडीमालकांना एकच वाक्य ऐकायला मिळतं: "रिंगा गेल्यात, इंजिन करावं लागतंय." जालना, बीड, परभणीकडच्या गॅरेजांत चांगल्या मिस्त्र्यांची कमी नाही. तरी या एका वाक्यावर धडधाकट इंजिनं खोलली जातात, म्हणून हे लिहितोय.

थोडं ऑइल दिसणं हा बिघाड नाही. पिस्टनच्या रिंगांजवळून जळलेला थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या ऑइल असलेल्या खालच्या भागात, उतरतोच. तो ऑइलचे बारीक तुषार सोबत घेतो आणि ब्रीदर पाइपमधून (हा वायू बाहेर काढणाऱ्या नळीतून) परत इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेत, येतो. प्रदूषणाच्या नियमांमुळे तो बाहेर सोडता येत नाही, आतच जाळावा लागतो. त्यामुळे भिंतीवर पातळ ओलसर थर असेल तर निर्धास्त राहा. पाइप तिरका केल्यावर ऑइल ओघळलं, इंटरकूलरच्या (इंजिनात जाणारी दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) तळाशी साचलेलं सापडलं, किंवा मॅनिफोल्डची वाट डांबरासारख्या थराने अर्धी बुजली, तर मात्र कारण शोधावंच लागेल.

आधी सफाई, मग शोध: सगळ्यात महागडी चूक

मॅनिफोल्ड धुऊन चकचकीत केला आणि ऑइल येतंय कुठून हे पाहिलंच नाही, तर काही महिन्यांत तोच थर पुन्हा जमतो. शिवाय धुतल्यामुळे खुणाही पुसल्या जातात. म्हणून पाइप काढताना ओल कुठून सुरू होते ते पाहून घ्या, जमलं तर मोबाइलवर फोटो काढा.

टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा भाग) असलेल्या गाडीत हे सोपं आहे. ब्रीदरची नळी टर्बोच्या आधीच्या पाइपला जोडलेली असते. त्या जोडापासूनच ऑइल असेल, तर ते बहुधा ब्रीदरमधून येतंय. टर्बोच्या आधी कोरडं आणि टर्बोनंतर चिंब असेल, तर संशय टर्बोच्या सीलवर जातो. पण इथेही लगेच टर्बो बदलू नका. टर्बोतलं ऑइल खाली सोडणारी रिटर्न नळी काजळीने तुंबली किंवा दबली, तरी धडधाकट सीलमधून ऑइल बाहेर ढकललं जातं. ती नळी आधी काढून पाहायला सांगा.

ऑइल ब्रीदरमधून येत असेल, तर पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधला वायू बेतानं सोडणारी झडप) आणि ऑइल सेपरेटर (त्या वायूतलं ऑइल वेगळं करणारा भाग) तपासा. रिंगांची शंका असेल, तर गरम इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा. तिथून जोरात धापा टाकल्यासारखा धूर येत असेल, तर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधल्या दाबाची मोजणी, करून घ्या. त्याचे आकडे हातात आल्याशिवाय इंजिन उघडायला होकार देऊ नका.

धूळ

आपल्याकडे खरी झीज इथे होते. ऊसतोडीच्या आणि मळणीच्या दिवसांत काळ्या मातीच्या पांदणीतून गाडी काढली, की बारीक धूळ आणि भुसा थेट फिल्टरवर येतो. फिल्टर तुंबला की टर्बोच्या तोंडाशी ओढ वाढते आणि ऑइल सीलबाहेर खेचलं जातं. मग फिल्टर कॉम्प्रेसरच्या हवेने जोरात उडवला जातो, त्याचा कागद फाटतो किंवा सैल होतो आणि धूळ सरळ आत शिरते. ऑइलने ओल्या झालेल्या पाइपात ती चिकटते आणि तिथून थोडीथोडी पुढे जाऊन टर्बोची पाती, सिलिंडरच्या भिंती आणि रिंगा घासत राहते. म्हणजे सुरुवातीला चांगल्या असलेल्या रिंगा खरंच जातात.

पाइपातलं ऑइल दोन बोटांत चोळून पाहा. खरखर लागली, तर फिल्टरची बैठक, डब्याच्या क्लिपा आणि रबरी पाइपाच्या घड्या त्याच दिवशी तपासा. कंपनीच्या पुस्तकात धुळीच्या भागासाठी फिल्टर बदलायचं अंतर वेगळं आणि कमी दिलेलं असतं. आपल्याला तेच लागू आहे.

ऑइल जास्त भरणं

"थोडं जास्तच टाका" म्हणू नका. पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेपुढे गेली, की क्रँकशाफ्ट ऑइल घुसळतो आणि तुषार वाढतात. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) असलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांत पातळी आपोआपही वाढू शकते. घर ते दुकान एवढ्याच फेऱ्या असतील, तर डीपीएफची सफाई अर्धवट राहते, काजळी जाळण्यासाठी जादा सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. अशा वेळी वरचं काढून टाकून भागत नाही, पूर्ण ऑइल बदला.

समृद्धी महामार्गावर तासन्‌तास १२० च्या वेगाने चालवून थांबताक्षणी चावी फिरवायची सवयही सोडा. तापलेल्या टर्बोत ऑइल जागीच जळतं आणि रिटर्न नळी तुंबायला तिथूनच सुरुवात होते. एक-दोन मिनिटं आयडलवर राहू द्या.

ईजीआर बंद करणं

ईजीआर म्हणजे जळलेला थोडा धूर परत इनटेकमध्ये सोडणारी व्यवस्था. डिझेलमध्ये ईजीआरची काजळी आणि ब्रीदरचं ऑइल एकत्र आल्यावरच तो डांबरासारखा घट्ट थर बनतो. म्हणून काही जण ईजीआरला पत्रा मारून देतात. त्याने ऑइल थांबत नाही, नायट्रोजन ऑक्साइडचा धूर वाढतो, नियम मोडतो आणि नव्या गाड्यांत चेक इंजिनचा दिवा लागतो.

सफाई करताना

डिझेल इंजिन चालू ठेवून इनटेकमध्ये क्लिनरचा फवारा किंवा पेट्रोल कधीही मारू नका. इंजिन हाताबाहेर पळू शकतं. इंटरकूलरमध्ये साचलेलं ऑइल एकदम ओढलं गेलं तरी हेच होतं, आणि तेव्हा चावी बंद करून इंजिन थांबत नाही, कारण ते ऑइलवरच चालत असतं. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक गच्च दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडा. ते जमलं नाही तर सगळ्यांना घेऊन गाडीपासून दूर व्हा. हवेच्या तोंडावर हात ठेवू नका.

मॅनिफोल्ड काढूनच धुवा. जागेवर खरवडला, तर सुटलेले खडे उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये पडतात. प्लॅस्टिकच्या मॅनिफोल्डला तारेचा ब्रश लावू नका. आत स्वर्ल फ्लॅप (हवेला भोवऱ्यासारखं फिरवणाऱ्या छोट्या झडपा) असतील तर त्यांचा दांडा हलवून पाहा. तो खिळखिळा असेल, तर फ्लॅप तुटून इंजिनमध्ये जाण्याचा धोका असतो. बसवताना गॅस्केट नवीनच घाला, जुन्यावर सिलिकॉन थापू नका. ऑइलने फुगून मऊ पडलेल्या रबरी नळ्या बदला, इंटरकूलर पूर्ण निथळवा आणि मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा) त्याच्यासाठी असलेल्या क्लिनरनेच पुसा. थ्रॉटल बॉडी (आत जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ केली असेल, तर काही गाड्यांत स्कॅनर लावून आयडल पुन्हा सेट करावं लागतं. हजारेक किलोमीटरनंतर तोच पाइप परत काढून आत बोट फिरवा. कोरडा किंवा जेमतेम ओलसर निघाला, तर कारण बरोबर सापडलं होतं.