हर्लिंगपटूची कारकीर्द कशी वाचायची

हर्लिंग म्हणजे काठी आणि चेंडूने खेळायचा आयरिश मैदानी खेळ. आयर्लंडमधल्या किल्केनीला राहायला आले तेव्हा शेजारच्या आजोबांनी एका कागदावर लिहून दाखवलं: हेन्री शेफ्लिन, २७-४८४. मला तो एखाद्या सामन्याचा निकाल वाटला. तो होता किल्केनीच्या या हर्लिंगपटूचा चॅम्पियनशिपमधला, म्हणजे काउंट्यांच्या (जिल्ह्यांच्या) संघांच्या वार्षिक स्पर्धेतला, अख्ख्या कारकिर्दीचा हिशेब.

आधीचा आकडा गोलांचा, नंतरचा पॉइंटांचा. चेंडू आडव्या दांड्याखालून गेला तर गोल, त्याचे तीन. वरून गेला तर एक. म्हणजे ८१ अधिक ४८४, एकूण ५६५. पण एवढ्यावर भुलू नका, संघाच्या फ्री, म्हणजे समोरच्याच्या फाउलनंतर मिळणारे फटके, कोण मारत होतं ते विचारा. शेफ्लिन मारायचा, त्यामुळे पॉइंट वाढतातच. बचावातल्या खेळाडूच्या नावापुढे शून्य असलं तरी तो थोर असू शकतो.

पदकं मोजताना काळ धरून मोजा. शेफ्लिनची ऑल-आयर्लंड पदकं, म्हणजे चॅम्पियनशिप जिंकल्याची पदकं, दहा; कॉर्क काउंटीच्या क्रिस्टी रिंगची १९४१ ते १९५४ मधली आठ. रिंगच्या काळात एक सामना हरला की वर्ष संपायचं. प्रांतिक फायनल हरलेल्यांना दुसरी संधी मिळू लागली ती १९९७ पासून. त्यामुळे दहा मोठे की आठ, हे मी तरी ठरवत नाही.

दुखापतीची वर्षं मात्र सावकाश वाचा. या खेळात पगार नाही. रिंग तेलाचा टँकर चालवायचा, शेफ्लिन बँकेत होता. २०१०च्या सेमीफायनलमध्ये शेफ्लिनच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. महिन्याभरात तो फायनलला उतरला आणि पाव तासाच्या आत बाहेर आला. किल्केनीचं सलग पाचवं विजेतेपद त्या दिवशी टिपररी काउंटीने हिरावलं. पुढच्या दोन्ही वर्षी तो जिंकला. माझ्या लेखी त्याच्या दहांतली ही दोन सगळ्यात जड.

आणि क्लब शोधल्याशिवाय कारकीर्द वाचून झाली असं समजू नका. काउंटीच्या जर्सीआधी गावाचा क्लब येतो, बहुतेकांच्या बाबतीत नंतरही तोच उरतो. १७ मार्च २०१५ ला डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर शेफ्लिनने बॅलीहेल शॅमरॉक्सकडून क्लबांची ऑल-आयर्लंड जिंकली आणि आठ दिवसांनी काउंटीच्या खेळातून निवृत्ती जाहीर केली. पुढे त्याच क्लबचा मॅनेजर होऊन त्याने २०१९ आणि २०२० ला तोच चषक पुन्हा गावी आणला.