जुन्या वाड्याला नवी खोली जोडताना

वाई, सातारा, पुण्याकडच्या जुन्या वाड्यात आज संसार करायचा तर अडतं ते संडास-न्हाणीघर आणि उजेडाचं स्वयंपाकघर यांवर. त्यासाठी माजघर फोडू नका. परसात वेगळं बांधा आणि वाड्याला हलकेच जोडा.

आधी कागद. मिळकत पत्रिकेवर जितकी नावं, तितक्यांची संमती लागते, आणि खरी दमछाक इथेच होते. मग वाडा वारसा यादीत आहे का, कोणत्या श्रेणीत, हे पालिकेत विचारा. पहिल्या श्रेणीत फेरफाराला जवळपास वाव नसतो.

आता मापं घ्या. दोन खांबांमधला खण, जोत्याची उंची, वळचण जमिनीपासून किती वर, हे सगळं कागदावर उतरवा. नवी खोली याच खणाच्या पटीत आखली की ती परकी वाटत नाही. मोह होतो तो सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडाच्या घाटाचे, खांब आणि महिरपी सिमेंटमध्ये ओतण्याचा. तसं केलं की वाडा नाटकातल्या पडद्यासारखा दिसू लागतो. जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वं सांगणाऱ्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेचंही म्हणणं हेच: जोडकाम अटळच असेल तर ते मूळ रचनेहून वेगळं ओळखू यावं, त्यावर आपल्या काळाची छाप असावी. तेव्हा लोखंडी खांब, मोठी काच, साधी वीट खुशाल वापरा. उंची मात्र वळचणीच्या खालीच ठेवा.

सगळ्यात जपायचा तो सांधा. नवं बांधकाम जुन्या भिंतीला चिकटवू नका. दोन्हींचे पाये वेगवेगळे खचतात आणि तडा नेमका जोडावर जातो. मध्ये चार-पाच फुटांची बोळवजा वाट सोडा, तिच्यावर हलकं छप्पर घाला. हे छप्पर जुन्या वळचणीच्या खाली सरकवून पन्हळ लावा, म्हणजे पागोळ्यांचं पाणी भिंतीत मुरणार नाही. जुन्या पायालगत खोल खणायचं झालं तर स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवल्याशिवाय कुदळ लावू नका. ये-जा करायला असलेलंच मागचं दार वापरा, नवं भगदाड नको.

गवंडी सवयीने जुन्या भिंतीलाही सिमेंटचा गिलावा सुचवेल. ठाम नाही म्हणा. माती-चुन्यातली भिंत ओल शोषते आणि सोडते. सिमेंटने ती आतच कोंडली की गिलाव्याचे पोपडे सुटतात, भिंतीतले सागवानी खांब तळाशी कुजतात. तिथे चुनाच हवा. नव्या भिंतीला काय लावायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

न्हाणीघराचे नळ आणि मोरीची गटारं नव्या भागातच फिरवा. विजेच्या तारा जुन्या घरात न्यायच्या तर तुळयांना भोकं न पाडता भिंतीवरून, बाहेर दिसणाऱ्या नळीतून न्या. रंगकाम एक पावसाळा जाऊ दिल्यावरच करा. सांधा कुठे गळतो ते तोवर कळलेलं असतं.