माइकमध्ये खरखर येतेय? नवा हेडसेट घेण्याआधी या चुका टाळा

"काय बे, शेंगा भाजायलास का?" गेम ऐन रंगात असताना मित्राने डिस्कॉर्डवर (गेम खेळताना बोलायचं अॅप) असं विचारलं आणि भाचा वैतागला. दुसऱ्याच दिवशी सोलापूरच्या नवी पेठेतून नवा हेडसेट आणला. खरखर तशीच. मग मामाची, म्हणजे माझी, आठवण झाली.

ही पहिली चूक. माइक खराब आहे की नाही, हे बघायला पैसे लागत नाहीत. हेडसेट मोबाइलला लावा (नव्या फोनला जॅक नसेल तर घरातला जुना शोधा) आणि एक व्हॉइस नोट रेकॉर्ड करा. तिथे आवाज स्वच्छ आला तर दोष कॉम्प्युटरच्या बाजूला आहे. कॉम्प्युटरवरची तपासणीही डिस्कॉर्डमध्ये करू नका. ते स्वतःच आवाज कमी-जास्त करतं, खरखर दाबतं, त्यामुळे मूळ दुखणं कळत नाही. विंडोजच्या साउंड रेकॉर्डरमध्ये दहा सेकंद गप्प बसून रेकॉर्ड करा आणि ऐका.

ऐकताना आवाजाची जात ओळखायची. पावसासारखी सलग सरसर असेल तर बहुधा सेटिंगचा दोष. वायर हलवली की तडतड होत असेल तर पिन किंवा जॅक सैल. आणि पंख्यासारखी जाड घूंऽऽ असेल तर विजेकडे बघा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, तीच माइकमध्ये उतरते.

भाच्याच्या माइकमध्ये सरसर होती आणि घूंऽऽही. त्यांचं घर पूर्व भागात, खालच्या मजल्यावर यंत्रमाग. बहीण म्हणाली, मागाचाच आवाज येत असेल. पण रविवारी माग बंद असतानाही घूंऽऽ चालूच. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला तर बोटांना मुंग्या आल्या आणि नेमकी त्याच वेळी हेडफोनमधली घूंऽऽ बदलली. चोर सापडला. घराला अर्थिंगच नव्हतं. थ्री-पिन सॉकेट होतं, पण वायरमनने खोललं तेव्हा वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नव्हती!

यामागचं कारण साधं आहे. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला कचरा गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. ते हा कचरा अर्थिंगच्या वायरीत सोडतात. ती वायरच नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्यावर 230 व्होल्टच्या साधारण निम्मा दाब तरंगत राहतो. करंट अगदी थोडा, म्हणून फक्त मुंग्या येतात. पण माइकचा सिग्नल त्याहून कितीतरी नाजूक असतो. थ्री-पिन प्लगला टू-पिनचा जोड लावणारेही हेच दुखणं विकत घेतात. अर्थिंग असलं तरी सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा ठाक पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी ओता, आपले जुने लोक ओतायचेच.

एक चूक मात्र जिवावरची आहे. काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रलची (वीज परत जाण्याची) वायर अर्थिंगच्या पिनेला जोडून देतात. घूंऽऽ जाते, पण मागे कुठे न्यूट्रल तुटली तर सगळं कॅबिनेट फेजवर येतं, म्हणजे पत्र्यातच पूर्ण वीज उतरते. हे कुणाला करू देऊ नका, आणि बोर्ड स्वतः खोलू नका.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर घूंऽऽ वाढत असेल तर तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा (ओबडधोबड वीज देणारा) असण्याची दाट शक्यता आहे. त्यावर पंखाही गुणगुणतो. प्युअर साइन वेव्हवर हे होत नाही.

जॅकच्याही गमती आहेत. पिनीवर तीन काळ्या रेघा असतील तर आवाज आणि माइक दोन्ही एकाच पिनेत आहेत. ती थेट माइकच्या गुलाबी जॅकमध्ये खुपसली तर माइक नीट चालणार नाही, दोन तोंडांचा स्प्लिटर लागतो. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकची बारीक वायर आतून बहुतेक ग्राफिक्स कार्डाजवळून जाते. मेनूत शांत आणि गेम सुरू झाला की चर्रर्र, असं होत असेल तर मागच्या जॅकला लावून बघा. तरीही येत असेल तर छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्या. नव्या हेडसेटपेक्षा ते खूप स्वस्त पडतं.

वायरमन अर्थिंग करून गेला. घूंऽऽ बंद, सरसर मात्र थोडी उरली. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये रेकॉर्डिंग, माइक, प्रॉपर्टीज, लेव्हल्स असं जाऊन पाहिलं तर मायक्रोफोन बूस्ट 30 डेसिबलवर. म्हणजे सिग्नल तीसपटीहून जास्त वाढवलेला, आणि त्याच्याबरोबर कचराही तितकाच. बूस्ट 10 वर आणला. सरसर गेली.

रात्री भाच्याचा फोन. "मामा, पोरं म्हणायलेत आवाज बारीक यायलाय."

"माइकची दांडी गालावर आण की. कपाळावर कशाला ठेवलायस?"