हिवाळ्यात हमिंगबर्ड यावेत असं वाटत असेल तर या चुका टाळा (पहिली चूक म्हणजे फीडर काढून ठेवणं)

इकडे अमेरिकेतल्या जॉर्जियात उन्हाळाभर ज्यांच्या डेकवर हमिंगबर्ड येतात ते बरेच लोक दसऱ्याच्या सुमाराला फीडर, म्हणजे त्यांच्यासाठी साखरेचं पाणी भरून टांगायचं भांडं, धुवून गराजमध्ये ठेवून देतात. मीही सहा वर्षं तेच केलं, कारण कोणीतरी सांगितलं होतं की फीडर ठेवला तर पक्षी खायला मिळतंय म्हणून थांबतात, मेक्सिकोला जात नाहीत आणि मग थंडीत मरतात. हे अजिबात खरं नाही. कधी निघायचं ते फीडरवर ठरत नाही, दिवस लहान व्हायला लागला की त्यांचं शरीरच त्यांना सांगतं, त्यामुळे उन्हाळ्यातले रुबी-थ्रोटेड जातीचे हमिंगबर्ड साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जातातच, फीडर भरलेला असो नाहीतर रिकामा. आणि ते गेले की मगच दुर्मिळ पाहुणे यायची वेळ होते. रूफस हमिंगबर्ड पार अलास्कापासून खाली वायव्येकडच्या राज्यांत घरटी करतो, त्यातले बरेचसे मेक्सिकोला जातात पण थोडे इकडे टेक्सास, लुइझियाना, फ्लोरिडा, जॉर्जिया अशा दक्षिणेच्या राज्यांत हिवाळा काढतात, कधीकधी ब्लॅक-चिन्ड किंवा कॅलिओपीसुद्धा येतो. आपण नेमका त्याच वेळी फीडर काढलेला असतो! म्हणून दिवाळीचा आकाशकंदील लावाल तेव्हा फीडरपण लटकलेला असू द्या, एक पुरे.

साडेतीन ग्रॅमच्या आसपासचा जीव हा. २०१० च्या जानेवारीत फ्लोरिडात टॅलाहासीला एका रूफस मादीच्या पायात ॲल्युमिनियमची इवलीशी रिंग घातली होती आणि त्याच वर्षी जूनमध्ये ती अलास्कात चेनेगा बेला परत पकडली गेली, मधलं अंतर साडेतीन हजार मैलांच्या वर! हे वाचलं त्या वर्षीपासून माझा फीडर हिवाळ्यात कधी खाली आलेला नाही.

आता पाण्याचं. एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी, विरघळली की झालं. पाक करायचा नाहीये, आपल्याला सवयच असते गॅसवर ठेवून आटवत बसायची, तसं केलं तर प्रमाण बिघडतं. कडाक्याच्या थंडीचे चार दिवस असतील तर एकास तीन केलं तरी चालतं, त्याहून घट्ट नको. आणि गूळ नको! माझी आई इथे आली होती तेव्हा म्हणाली, "अगं, साखरेपेक्षा गूळ चांगला ना, लोह असतं त्यात." आईचं माणसांच्या बाबतीत बरोबरच आहे पण नेमकं ते लोहच या पक्ष्यांना सोसत नाही, शरीरात साठत जातं, म्हणून ब्राऊन शुगर, ऑरगॅनिकच्या नावाखाली मिळणारी पिवळसर साखर, काकवी हे सगळं बाद. मधात बुरशी लवकर धरते, तोही बाद. लाल रंगाची गरजच नाही, फीडरचा लाल भाग त्यांना दिसतो.

थंडीत पाणी खराब होत नाही असं समजून महिनाभर तेच ठेवणं ही पण नेहमीची चूक. आपल्याकडे नोव्हेंबरात सत्तर डिग्री फॅरनहाइटचे दिवस येतातच की. मी आठवड्यातून एकदा गरम पाणी आणि ब्रशने धुते, भोकांत काळे ठिपके दिसले तर व्हिनेगरमध्ये भिजवून ठेवते. एकच पक्षी पिणार म्हणून अर्धा कपच भरायचं म्हणजे फेकायला जीव जात नाही.

सगळ्यात जास्त गडबड होते ती पहाटेची, आणि ही चूक मी स्वतः केलीय. साखरेचं पाणी ३२ फॅरनहाइटच्या थोडंसंच खाली टिकतं, पारा पंचविशीत गेला की गोठतं, म्हणून लोक रात्री फीडर घरात आणतात, ते बरोबरच आहे, पण मग शनिवार-रविवारी आठला उठून बाहेर लावतात. तोपर्यंत फार उशीर झालेला असतो हो. गारठ्याच्या रात्री हा पक्षी जवळजवळ बंद होऊन बसतो, अंगाची उष्णता उतरते, एरवी मिनिटाला शेकड्यांनी पडणारे हृदयाचे ठोके पन्नासच्या आसपास येतात, आणि उजाडायच्या आधी थरथरून पुन्हा अंग गरम करायला उरलीसुरली शक्ती वापरतो. त्याला पहिला घोट लगेच लागतो. मी एकदा उशिरा उठले तर आमच्याकडे येणारी मादी रिकाम्या हुकभोवती घिरट्या घालत होती, ते बघून इतकं वाईट वाटलं की तेव्हापासून दोन फीडर ठेवलेत, एक आत आणि एक बाहेर, झुंजूमुंजू व्हायच्या आधी बदलायचे. उठणं जमत नसेल तर फीडरजवळ क्लॅम्पचा दिवा लावा, पण त्यात जुन्या पद्धतीचा तापणारा बल्ब हवा, एलईडी लावून काही उपयोग नाही कारण तो गरमच होत नाही. आणि असा गारठून बसलेला, कधी उलटा लटकलेला पक्षी दिसला तर मेला समजून हात लावू नका, ऊन चढलं की तो आपोआप उडतो. तसंही या पक्ष्यांना पकडणं १९१८ च्या कायद्याने गुन्हा आहे.

सगळं केलं तरी कोणी येत नाही? मग बाग बघा. नुसत्या साखरेवर तो जगत नाही, चिलटं, छोटे कोळी लागतात त्याला, आणि आपण तर फवारणीचं वर्षाचं कंत्राट देऊन बसलेलो असतो. मी ते बंद केलं, पाला-पाचोळा कुंपणाशी तसाच ठेवला, आणि जरा उबदार दिवस असला की केळ्याच्या साली जाळीत घालून टांगते, त्यावर चिलटं जमतात. लपायला हॉली, वॅक्स मर्टल, मॅग्नोलिया असं बारमाही हिरवं झाड जवळ हवं, उघड्या लॉनच्या मधोमध खांबावर फीडर असेल तर पक्षी बिचकतो. फुलांत पाइनॅपल सेज लावा, ती शरदात उशिरापर्यंत फुलते, टर्क्स कॅप तर आपल्या जास्वंदीच्याच कुळातली, फूल अर्धवट मिटलेलं पण भरपूर मध देणारं. कमेलिया असेल तर सोन्याहून पिवळं.

आला तर? लगेच "मागे राहिलेला रुबी-थ्रोट, बिचारा आजारी असणार" असं ठरवून मोकळं होऊ नका. मादी आणि पिल्लं सगळी सारखीच दिसतात, पाठ हिरवी, पोट पांढरट. रूफस असेल तर कुशीला आणि शेपटीच्या बुडाशी विटकरी रंग दिसतो, त्यामुळे शेपटी पसरलेली असतानाचा फोटो मिळवायचा प्रयत्न करा, शंभर फोटोंत एक येतो पण तोच कामाचा असतो. तारीख लिहून ठेवा, ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या वेबसाइटवर टाका, घराचा पत्ता मात्र उघड टाकू नका. नोव्हेंबरच्या मध्यानंतरचा कुठलाही हमिंगबर्ड इथल्या बँडर लोकांना, म्हणजे अभ्यासासाठी पक्ष्यांच्या पायात नंबराची रिंग घालणाऱ्यांना, हवा असतो, त्यांच्याकडे सरकारी परवाना असतो, ते घरी येऊन दहा मिनिटांत रिंग घालून सोडून देतात. आमच्या मादीला रिंग घातली तेव्हा मी समोर होते, आणि पुढच्या नोव्हेंबरात तीच रिंग, तोच नंबर, त्याच हुकवर! हे पक्षी ठरलेल्या अंगणात परत येतात, म्हणून एका वर्षी कोणी आलं नाही तर लगेच नाद सोडू नका, आणि आलेलं असेल तर पुढच्या वर्षी फीडर लावायला उशीर करू नका.

होळीच्या आगेमागे ती निघून जाते, एक दिवस येते, दुसऱ्या दिवशी नसते. मी मग आठवडाभर तरी फीडर भरलेला ठेवते, न जाणो अजून कोणी वाटेत असेल म्हणून, आणि तोवर मार्चचा दुसरा पंधरवडा लागतो, रुबी-थ्रोटचे पहिले नर येऊन पोचतात, म्हणजे धुवायचा, भरायचा आणि परत तिथेच लावायचा.