वामनदादांची गाणी भरलेल्या जुन्या कॅसेटी घरच्या घरी डिजिटल कशा करायच्या

घरात माळ्यावर नाहीतर एखाद्या लोखंडी पेटीत भीमगीतांच्या जुन्या कॅसेटी पडून असतील तर हे वाचा, आणि वाचून झाल्यावर त्या कॅसेटी लगेच खाली काढा. मला विकतच्या कॅसेटींची तेवढी काळजी नाहीये, त्यांच्या ढिगाने प्रती निघाल्या, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला आणि दसऱ्याला दीक्षाभूमीला स्टॉलवर विकल्या गेल्या, कुठे ना कुठे एखादी सापडतेच. काळजी आहे ती कार्यक्रमात पुढे बसून टेपरेकॉर्डरवर भरून घेतलेल्या कॅसेटींची. एखाद्या वस्तीत जयंतीला वामनदादा रात्रभर गायले आणि कोणी ते भरून घेतलं असेल तर त्याची अख्ख्या जगात ती एकच प्रत आहे, आणि ती तुमच्या घरात आहे.

ज्यांना नाव माहितीय पण माणूस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, वामनदादा कर्डक म्हणजे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १५ ऑगस्ट १९२२, अक्षरओळख मोठेपणी झाली, १९४३ पासून गाणी लिहायला लागले ते १५ मे २००४ ला गेले तोवर. हजारो गाणी लिहिली, गावोगाव फिरून स्वतः गायली, आणि बाकीच्या गायकांनीही गायली. इथेच सगळा घोळ होतो. विकतच्या कॅसेटच्या कव्हरवर गायकाचा फोटो आणि नाव मोठं, गीतकाराचं नाव बारीक अक्षरात, कधीकधी तेही नाही. ‘उद्धरली कोटी कुळे’ जयंतीच्या मिरवणुकीत लाखो लोक गातात, त्यातल्या कितीजणांना माहितीय की ते वामनदादांचं आहे? म्हणून डिजिटल करणं म्हणजे नुसता आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणं नाही, कोणी लिहिलं, कोण गातंय, कुठे, कधी हे पण त्याच्यासोबत गेलं पाहिजे, नाहीतर दहा वर्षांनी तुमच्या हार्डडिस्कवर ‘भीमगीत १’, ‘भीमगीत २’ असं बेनामी सामान पडलेलं असेल.

आता कामाला लागू. सगळ्यात आधी कॅसेट डेकमध्ये, म्हणजे वाजवायच्या मशिनमध्ये, घालू नका, आधी नीट बघा. वरच्या कडेला दोन छोटे प्लास्टिकचे दात असतात ते मोडून टाका म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी पुसलं जाणार नाही. मग खिडकीजवळ धरून रिळाकडे बघा, पांढरट पावडर किंवा डाग दिसले तर ती बुरशी, कोकणात आणि मुंबईत हे फार असतं, अशी कॅसेट बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि अजिबात वाजवू नका, कारण ती बुरशी हेडला, म्हणजे मशिनमधल्या टेप वाचणाऱ्या भागाला, लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला जाते. ती जाणकाराकडेच द्यायची. उन्हात ठेवून बुरशी घालवायचा प्रयोग करू नका, रीळ वाकडं होतं. टेप जिथे हेडला टेकते तिथे पत्र्याच्या पट्टीवर नमद्याचा छोटा तुकडा असतो, गोंद सुकून तो पडलेला असला तर आवाज दबलेला आणि येत-जात ऐकू येतो आणि लोक म्हणतात टेप खराब झाली. टेप चांगली असते. स्क्रूवाली एखादी फालतू कॅसेट घ्या, ती उघडून आपली रिळं त्यात बसवा, काम होतं. ज्या जुन्या कॅसेटला स्क्रूच नसतात, चिकटवलेली असते, तिची शिवण पातळ पात्याने हळूहळू उकलावी लागते, आधी दोन-तीन निकामी कॅसेटींवर हात बसवा.

कॅसेट वर्षानुवर्षं न वाजता पडली असेल तर टेपचे थर एकमेकांना चिकटून बसलेले असतात, म्हणून वाजवायच्या आधी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्या. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची टेप पातळ असते आणि एकशेवीसवाल्याची तर फारच, तिला डेकच्या फास्ट फॉरवर्डवर टाकू नका, पेन्सिल घालून हाताने फिरवा, वेळ जाईल पण टेप तुटणार नाही.

डेक कुठला घ्यायचा? ऑनलाइन ते वॉकमनसारखे दिसणारे यूएसबी प्लेयर मिळतात ते नको, त्यांचा वेग सारखा राहत नाही, पेटीचा लांबलेला सूर थरथरतो आणि ढोलकीची लय डुगडुगते. त्यापेक्षा जुना चांगला स्टिरिओ डेक कोणाच्या घरातून मागून आणा, रबरी पट्टा नवीन टाकून घ्या. हेड आणि टेप ज्यावरून जाते ते सगळे धातूचे भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने पुसा, काडी तपकिरी व्हायची थांबेपर्यंत. रबरी रोलर मात्र साबणाच्या पाण्याने ओलसर केलेल्या काडीने पुसा आणि पूर्ण सुकू द्या. हे दर तीन-चार कॅसेटींनंतर करायचं.

आता ज्याने सगळ्यात जास्त फरक पडतो आणि जे जवळजवळ कोणी करत नाही ते सांगतो. हेडच्या बाजूला स्प्रिंगवाला एक छोटा स्क्रू असतो, त्याने हेडचा तिरकेपणा बदलतो. कॅसेट ज्या मशिनवर भरली त्याचं हेड आणि तुमचं हेड तंतोतंत सारखं उभं नसतं, म्हणून आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. कॅसेट चालू ठेवा, शक्य असेल तर मोनोवर ऐका, आणि चुंबक नसलेल्या बारीक स्क्रूड्रायव्हरने तो स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवा. एका जागी आल्यावर टाळीचा कडकपणा, झांजेची झण, ‘स’ आणि ‘च’ असलेले शब्द एकदम उघडतात. तिथे थांबा. शब्दांवर उभ्या असलेल्या गाण्यात हे फार महत्त्वाचं आहे, एक अक्षर कळत नव्हतं म्हणून अख्खी ओळ हातची जात होती ती इथे परत मिळते. दर कॅसेटला हे नव्याने करायचं, साईड बदलल्यावर पण तपासायचं. डेकवरचं डॉल्बीचं, म्हणजे टेपची खरखर कमी करायचं, बटण बंद, कारण घरच्या साध्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटींना बहुतेक डॉल्बी नसतोच.

डेकच्या लाईन आऊटमधून वायर काढून छोट्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी डबी) लाईन इनमध्ये द्या, लॅपटॉपच्या माईकच्या भोकात देऊ नका, तिथे आवाज फाटतो. सॉफ्टवेअर ऑडासिटी, फुकट आहे आणि पुरेसं आहे. सेटिंग २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ, जागा असेल तर ९६. ४८ वर एका तासाचे साधारण एक जीबी होतात, ९६ वर दोन, नंतर फ्लॅक या फाईलच्या प्रकारात केलं की बऱ्यापैकी कमी होतात आणि दर्जा तसाच राहतो. लेव्हल अशी ठेवा की सगळ्यात मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या आसपास जाईल, आणि हे सगळ्यात मोठ्या आवाजाच्या जागेवर बघून ठरवायचं, कारण हळू आवाजात चाललेल्या गाण्यात कोरस एकदम उसळतो.

रेकॉर्डिंग सुरू केलं की पूर्ण साईड एका फाईलमध्ये घ्या, मध्ये थांबवायचं नाही, कापायचं नाही. गाण्यांच्या मधलं बोलणं कंटाळवाणं वाटतं आणि लोक तेच आधी उडवतात, पण खरा खजिना तिथेच आहे. निवेदक गावाचं नाव घेतो, मंडळाचं नाव घेतो, गायन पार्टीत पेटीवर कोण ढोलकीवर कोण ते सांगतो, अमुक भाऊंकडून अकरा रुपये बक्षीस, तमुक महिला मंडळाकडून एकवीस रुपये असं पुकारलं जातं, कोणी स्टेजवर येऊन हार घालतं त्याचा उल्लेख होतो. कव्हरवर काहीच लिहिलेलं नसताना जागा आणि साल ठरवायला एवढंच हातात असतं. नुकत्याच झालेल्या एखाद्या निवडणुकीचा किंवा मोर्चाचा विषय बोलण्यात निघाला तर सालाचा अंदाज दोन-तीन वर्षांच्या आत येतो. म्हणून मूळ फाईल जशी आहे तशी, खरखरीसकट ठेवायची. आवाज साफ करायचा असेल तर वेगळी प्रत काढून तिच्यावर करा, आणि तिथेही हात आखडता ठेवा, नॉईज रिडक्शन जास्त झालं की आवाज पाण्याखालून येतो आणि टाळ्यांचं भुसकट होतं.

वेगाचं एक प्रकरण आहे. सेलवर चालणाऱ्या टेपरेकॉर्डरचे सेल उतरत आले की मशिन हळू फिरायचं, आणि हळू भरलेली टेप आज बरोबर वेगाने लावली की गाणारा बारीक आवाजात घाईघाईने गातो असं वाटतं. वामनदादांचा आवाज ज्यांनी ऐकलाय ते लगेच म्हणतील हे दादा नव्हेत, आणि बऱ्याचदा ते दादाच असतात. तपासायचं कसं, तर लाऊडस्पीकरच्या मशिनमधली विजेची घरघर बऱ्याचदा टेपवर उतरलेली असते, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ऑडासिटीत स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या हर्ट्झवर किती आवाज आहे त्याचा आलेख, काढला की ५० किंवा १०० वर टोक दिसायला हवं. ते ५३ वर दिसलं तर टेप तेवढ्या पटीत जास्त वेगाने वाजतेय, वेग साडेपाच-पावणेसहा टक्के कमी करा. आधी एक बघा, टेप थांबवल्यावरही घरघर येत असेल तर ती तुमच्याच वायरची आहे, तिच्यावर हिशेब करू नका. कार्यक्रम जनरेटरवर असेल तरी हा हिशेब चुकतो, मग पेटीच्या सुरावर या, पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या सुरांना लावलेल्या असतात, ट्यूनर ॲपवर सूर दोन पट्ट्यांच्या मध्येच लटकत असेल तर वेगात गडबड आहे. सेल कार्यक्रमभर उतरत जातात म्हणून साईडच्या सुरुवातीला आणि शेवटाला वेगवेगळं मोजा. हा बदलसुद्धा प्रतीवरच करायचा.

आता गाणं कोणाचं ते ओळखणं. शाहिरी आणि भीमगीतांच्या परंपरेत कवी शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफतो, वामनदादांच्या गाण्यात ‘वामन’ असं येतं. तेव्हा गायक कोणीही असो, प्रल्हाद शिंदे असोत की विठ्ठल उमप की गावातली पार्टी, शेवटचं कडवं कान देऊन ऐका. घरी भरलेल्या कॅसेटमध्ये नेमकं तेच कडवं गायब असतं, कारण गाणं रंगात आलेलं असताना साईड संपते. अशा वेळी दुसऱ्या साईडची पहिली दोन-तीन मिनिटं बघा, भरणाऱ्याने पटकन कॅसेट उलटवलेली असते आणि तुटका शेवट तिथे सापडतो. ‘ए साईड अपूर्ण, बी साईडच्या सुरुवातीला शेवटचं कडवं’ अशी नोंद लगेच करा. कधी गायक नावाचं कडवं गाळतो, म्हणून नाव आलं नाही तर लगेच ‘गीतकार अज्ञात’ लिहून मोकळे होऊ नका, ‘वाटचाल’, ‘मोहळ’ या त्यांच्या छापील संग्रहांत शोधा, घरातल्या आणि वस्तीतल्या जुन्या माणसांना ऐकवा.

शब्द लिहून काढताना जे ऐकू येतंय तेच लिहा. पुस्तकातला पाठ वेगळा असला तरी टेपवरचं सुधारू नका, स्टेजवर गाताना दादा समोरची माणसं बघून ओळ बदलत असतील तर तो बदल हाच त्या रात्रीचा पुरावा आहे. कळला नाही तो शब्द अंदाजाने भरू नका, जागा मोकळी सोडा आणि मिनिट-सेकंद लिहून ठेवा, दुसऱ्या कोणाला तो सहज कळेल.

फाईलला नाव देताना कॅसेटचा नंबर, साईड, ठिकाण, साल एवढं पुरे, बाकी सगळं एका साध्या एक्सेल शीटमध्ये: कोण गातंय, गीतकार, चाल कुणाची किंवा कुठल्या गाण्यावर बेतलेली, वादक, कोणाच्या घरातून कॅसेट आली, आणि गीतकाराचं नाव कशावरून ठरवलं, शेवटच्या कडव्यावरून, कव्हरवरून की कोणी सांगितलं म्हणून. हा शेवटचा रकाना कंटाळा न करता भरा, चूक झाली तर पुढच्या माणसाला ती तिथूनच दुरुस्त करता येते. कव्हरच्या दोन्ही बाजू, कॅसेटवरचं लेबल, आत सारलेली चिठ्ठी सगळं ६०० डीपीआयवर स्कॅन करा.

प्रती तीन ठेवा, एक घरच्या हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाईकाकडे, एक क्लाउडवर. व्हॉट्सॲपवर पाठवायला वेगळी एमपी३ काढा, आणि पाठवताना गाण्याखाली ‘गीतकार: वामनदादा कर्डक’ हे लिहूनच पाठवा.

यूट्यूबवर टाकायच्या आधी एवढं लक्षात ठेवा की आपल्या कायद्यात गीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे वामनदादांच्या शब्दांवर २०६४ संपेपर्यंत, आणि कंपनीच्या रेकॉर्डिंगवर ते बाजारात आल्यापासून ६० वर्षं कंपनीचा. गाणाऱ्यांचाही हक्क ५० वर्षं असतो. स्वतःसाठी, अभ्यासासाठी जपून ठेवणं वेगळं आणि जाहीर टाकून त्यावर जाहिराती चालवणं वेगळं, जाहीर करायचं असेल तर कवीच्या आणि गायकाच्या घरच्यांना विचारा. ज्यांच्याकडून कॅसेट आणली त्यांना मात्र पेनड्राइव्हवर पूर्ण प्रत, विनाकाटछाट, आधी द्या.

आणि काम झालं म्हणून मूळ कॅसेट भंगारात टाकू नका. पूर्ण एका बाजूला गुंडाळून, डबीत घालून, उभी ठेवा, स्पीकरपासून लांब, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि पावसाळा संपला की पुडी बदला.